म्हातारीच्या हाताची कड

चित्र थांबलेलं होतं आणि सगळे भिंतीकडे पाहत होते.

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत उभी होती. तिच्या मागचं आकाश नंतर बसवलेलं होतं. मूळ चित्रणात तिथे समोरच्या इमारतीची काळवंडलेली भिंत होती. बाई खरी, आकाश परकं, आणि दोहोंमधली कड माणसाच्या हातानं काढलेली. चित्र चालू असताना ती कड बाहीच्या टोकापासून कोपरापर्यंत उकळीला आलेल्या पाण्यासारखी चळत होती. आता ती निमूट होती. पण तिला हलताना सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि म्हणूनच तिचं हे स्तब्ध राहणं कुणाला सोसत नव्हतं.

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले. चित्र चालू झालं. "थांबा."

हा शब्द ते दिवसातून इतक्या वेळा उच्चारत की स्टुडिओच्या मजल्यावर त्यांचं नावच थांबासाहेब पडलं होतं. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, आणि दमलेल्या माणसाच्या हाती पडद्याचं बटण होतं, एवढंच.

"पिक्चरवाल्यांकडून परत आलाय हा शॉट. हा एकटाच नाही. त्यांनी लिहिलंय, कडा जिवंत वाटतात." त्यांनी चष्मा वर सरकवला. "कौतुक नाहीये ते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि ताबडतोब खोकल्याचं सोंग केलं.

"कुणाचं काम, असं मी विचारत नाही. विचारलं की सगळे आपापल्या चपला बघायला लागतात. एकेका शॉटवरून चौघांचे हात फिरलेले असतात. डोळ्यांनी शोधत बसलो तर इथेच म्हातारा होईन. वहिनी, तुम्ही एक स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक कडेचा प्रत्येक बिंदू, प्रत्येक फ्रेमवर त्याची किंमत काय, सगळं बाहेर काढा. उद्या दुपारपर्यंत आलेख हवेत माझ्यापुढे. ज्याची रेघ नाचेल त्याच्याशी मी बोलेन."

"बोलाल म्हणजे?" मागच्या रांगेनं विचारलं.

"महिनाअखेर करार संपतायत ना सगळ्यांचे? त्याबद्दल बोलेन."

वहिनी 'बरं' म्हणाली. दुसरं काही म्हणण्याजोगं नव्हतं. तिच्यापासून दोन खुर्च्या पलीकडे वन्सं बसल्या होत्या, आणि परक्या घराच्या उंबऱ्याबाहेरून आत पाहावं तशा त्या पडद्याकडे पाहत होत्या.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, आणि त्या वाढवण्यात स्वतःच्या लग्नाचं वय कधी निघून गेलं ते घरात कुणी बोलून दाखवलं नाही. आधी त्या कापडावरची नक्षी काढत. संगणक आले तेव्हा चित्रांच्या कडा काढू लागल्या. माणूस हलतो तसतशी त्याच्याभोवती रेषा हलवत न्यायची, एका सेकंदाला चोवीस फ्रेम, प्रत्येक फ्रेमवर बिंदू उचलून त्याच्या जागी ठेवायचा. पाहणाऱ्याला ती रेषा कधी दिसू नये, यासाठी आयुष्य घालवायचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनीच भावजयीला इथे आणलं. "घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा इथे येऊन फ्रेम मोज," असं म्हणून. मजल्यावर वन्संना सगळे ताई म्हणत, म्हणून तिला वहिनी. एका घरातलं नातं सगळ्या मजल्यानं वापरायला काढलेलं.

कडा काढण्याचं काम तिला जमलं नाही. "तुझ्या हाताला घाई आहे," वन्सं म्हणाल्या होत्या. "डोकं मात्र बरं आहे. त्याला कामाला लाव." मग ती स्क्रिप्ट लिहू लागली, म्हणजे संगणकानं ओळीनं काय करायचं त्याच्या सूचना. माणसं बिंदू ठेवत, सॉफ्टवेअर त्या प्रत्येक बिंदूचे दोन आकडे जपून ठेवी, डावीकडून किती आणि खालून किती; त्यालाच बिंदूची किंमत म्हणत. आणि ती ते आकडे मागून घेई. चित्रांच्या कारखान्यात चित्राकडे न पाहणारी ती एकटीच होती.

खोलीबाहेर पडताना वन्सं तिच्या बाजूला आल्या.

"चहा घेतेस?"

"हे संपवते आधी. तुम्ही घ्या, वन्सं."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि चहाच्या यंत्राकडे न जाता आपल्या खुर्चीकडे गेल्या.

*

स्क्रिप्ट तिनं तासाभरात लिहिली. फ्रेम मोजणारं चक्र, त्याच्या पोटात बिंदू मोजणारं चक्र, त्याच्या पोटात एक साधा प्रश्न: किंमत किती? चक्र फिरलं. आकड्यांची ओळ लागली. आकड्यांवरून रेघा उमटल्या.

सगळ्या रेघा सरळ होत्या.

मजल्यावरच्या एकाही माणसाची रेघ हलत नव्हती. एकाखाली एक, वाऱ्यावाचूनच्या पाण्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गॅलरीतल्या बाईचा हात कपडे वाळत घालताना उंच जात होता, आणि त्या हाताभोवतीची रेघ मात्र जागची हलत नव्हती. तिनं पाहिलं आणि तिला चूक तत्काळ कळली, कारण ही चूक तिच्या व्यवसायातल्या प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते. फ्रेम मोजली जात होती, पण किंमत विचारताना कोणत्या फ्रेमवरची, हे सांगायचं राहिलं होतं. आणि सॉफ्टवेअर मोठं आज्ञाधारक असतं. नुसतं 'किती?' असं विचारलं की ते जिथे उभं असेल तिथलं उत्तर देतं. शंभर वेळा विचारा, शंभर वेळा तेच. चालू फ्रेमवरची किंमत. मागचं पुढचं काही नाही.

चूक दुरुस्त करायला एका आकड्याचा अवकाश होता. तिनं लगेच केली नाही. खुर्चीला पाठ टेकवून ती त्या रेघांकडे पाहत राहिली. किती दिवसांनी तिच्यापुढे असं काही आलं होतं ज्यात कुणाचाच दोष नव्हता. महिनाअखेर नव्हती. सगळी माणसं जिथल्या तिथे, शांत, आखून दिल्यासारखी. खोट्या उत्तराला अशी एक विश्रांती असते.

मग तिनं प्रश्नात फ्रेमचा आकडा घातला. पहिल्या फ्रेमवर किती. दुसऱ्या फ्रेमवर किती. तिसऱ्या.

आता रेघा चालू लागल्या. बहुतेकांच्या वळणावळणाच्या होत्या. हात वर गेला की वर जाणाऱ्या, खाली आला की खाली येणाऱ्या. एका पोराची रेघ मध्येच भलतीकडे भरकटून पुन्हा वाटेवर आलेली होती, जेवणाची सुट्टी झाली असावी. आणि एक रेघ सगळीकडून कुसळं फुटल्यासारखी होती. ती योग्य वाटेनंच चालली होती, कुठेही चुकत नव्हती, पण पाऊल टाकताना दर वेळी वाटेच्या किंचित इकडे, किंचित तिकडे पडत होती. आळशी माणसाची रेघ अशी नसते. आळशी माणूस दहा फ्रेम सोडून देतो आणि मधलं सॉफ्टवेअरवर टाकतो. या रेघेला प्रत्येक फ्रेमवर बिंदू होता. प्रत्येक फ्रेमवर कुणीतरी नेम धरला होता, आणि प्रत्येक फ्रेमवर तो केसभर चुकला होता.

कडेच्या नावात काढणाऱ्याची खूण असते. वन्संची खूण तिला पाहायची गरज नव्हती; तरी तिनं पाहिली.

मग तिनं जुने शॉट उघडले. कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षीचे, त्याच्या आधीचे. स्क्रिप्ट तीच, प्रश्न तोच. मग दोन वर्षांपूर्वीची वन्संची रेघ आली. इतकी निश्चिंत रेघ तिनं कुणाचीच पाहिली नव्हती. त्याच्यानंतरच्या वर्षी तिच्यावर लव आली. मग ती लव वाढत गेली. सकाळी जपून ठेवलेल्या कामात कमी, दुपारनंतरच्या कामात जास्त. मध्येच काही महिने रेघ पुन्हा शांत झाली होती, आणि ते का, हे कळायला तिला बराच वेळ लागला. त्याच महिन्यांत वन्सं चित्र प्रचंड मोठं करून काम करू लागल्या होत्या. पडद्यावर एकटा अंगठाच दिसेल, अंगठ्याचं नखच दिसेल, एवढं मोठं. चित्र आठपट मोठं केलं की हाताची थरथर आठपट लहान होऊन बिंदूपर्यंत पोचते. थरथरणाऱ्या माणसाला पळून जायला तेवढी एक जागा असते. पण मजल्यावर सगळ्यांना वाटलं, ताईंना दिसत नाही. घरातही तेच वाटलं. भावानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तरीही भावानं हौसेनं नवा चष्मा करून दिला आणि वन्संनी तो मुकाट्यानं लावला.

पलीकडच्या खुर्चीवर वन्संची पाठ दिसत होती. पडद्यावर नखाएवढं काहीतरी, भिंतीएवढं होऊन.

*

"ताई, चहा अर्धाच?" तिचा नवरा म्हणाला.

संध्याकाळ अजून उतरायची होती. स्वयंपाकघरातल्या छोट्या मेजाभोवती तिघं बसली होती. तो लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करी आणि घरी आला की दिवसभराच्या वर-खाली जाण्याची भरपाई म्हणून जागचा हलत नसे.

"अर्धा पुरतो," वन्सं म्हणाल्या.

"पुरतो काय, ही भरतच नाही तुझा कप. माझ्या बहिणीच्या चहावर डोळा आहे हिचा."

"मीच सांगितलंय तिला. तू तुझा पी."

"आणि केसही कापून टाकलेस. परवा मागून बघितलं तर मला वाटलं घरात कोण मास्तर आलाय."

"मग घाबरलास ना? अभ्यास केला नव्हतास म्हणून."

तो मोठ्यानं हसला. वन्संही हसल्या. ती हसली नाही. केस कापले, कारण वेणी घालता येईना. बटणांचे कपडे गेले आणि डोक्यावरून घालायचे आले. फोनवर टाइप करणं गेलं. वन्सं आता फोनशी बोलून निरोप पाठवत, आणि भाऊ म्हणे, ताई किती आधुनिक झाली. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत घडली होती आणि त्या त्या दिवशी एकेका गोष्टीला कारण होतं, पुरेसं, साधं. एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना चालू फ्रेमवरच विचारतात: कशी आहेस? बरी आहे. काल कशी होतीस, परवा कशी होतीस, असं ओळीनं कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून रेघ सरळच दिसत राहते.

"झाली का तुझी स्क्रिप्ट?" वन्संनी कपाकडे पाहत विचारलं. दोन्ही तळव्यांत धरलेला कप त्यांनी मेजावरून उचलला नव्हता. त्या स्वतःच कपापाशी वाकल्या होत्या.

"होईल उद्यापर्यंत."

"हं," वन्सं म्हणाल्या.

"कसली स्क्रिप्ट?" नवऱ्यानं विचारलं.

"कुणाची कड नाचते ते शोधायची," वन्सं म्हणाल्या. "तुझी बायको पोलीस झालीय."

*

सकाळी मजल्यावर कुणी नसताना ती आली, आणि आलेखांना हात न लावता तिनं दुसरी स्क्रिप्ट लिहिली. ही अधिक सोपी होती. प्रत्येक फ्रेमवरची किंमत घ्यायची, तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फ्रेमच्या किमतींशी मिसळायची आणि जी येईल ती तिच्या जागी ठेवायची. उंचवटे झिजतात, खड्डे भरतात. वन्संची खूण असलेल्या सगळ्या कडांवरून तिनं ती फिरवली, आणि मगच आलेख काढले.

हे कुणाला कळणार नव्हतं. वन्संनाही नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. हे काम सुटलं तर वन्संचं काय उरतं, हा हिशेब तिला करवत नव्हता. घर भावाचं होतं, संसार भावजयीचा होता, आणि जग ज्याला 'आपलं' म्हणतं त्यातलं वन्संकडे एवढंच होतं: दुसऱ्यांच्या देहांभोवतीच्या न दिसणाऱ्या रेषा. निदान त्या तरी शांत असाव्यात.

दुपारी पुन्हा ती अंधारी खोली. गॅलरीतली बाई कपडे वाळत घालू लागली आणि तिची बाही आकाशावर स्वच्छ, निवांत उठून दिसली. साहेबांनी चित्र पुढे जाऊ दिलं. खोलीतल्या माणसांनी खांदे सैल सोडले. एकामागून एक शॉट गेले.

"वहिनी, जादू केलीत की काय?"

"आकड्यांत थोडी खडखड होती. काढून टाकली."

"मग आलेख कशाला हवेत? हीच स्क्रिप्ट सगळ्यांच्या कामावरून फिरवत जाऊ. कटकट मिटली."

शेवटचा शॉट म्हातारीचा होता; त्याच्या शेवटच्या काही फ्रेम अजून व्हायच्या होत्या. अंधारलेल्या जिन्यात एक म्हातारी आपल्याच घराच्या कुलपात किल्ली घालू पाहत होती, आणि किल्ली लागत नव्हती. कॅमेरा तिच्या हातावर होता. दार पुढे बदलायचं असल्यामुळे हातालाच वेगळं कापून काढलं होतं. हात थरथरत होता. म्हाताऱ्या नटीचा तो खराच हात होता, खरीच थरथर. आणि त्याच्याभोवतीची कड मात्र आता गुळगुळीत सरकत होती, घाटावरून वळणाऱ्या रस्त्यासारखी. हात वर उडाला की बोटाचं टोक कडेबाहेर राहून तुटे. खाली आला की बोटावर जुन्या दाराची एक चिंचोळी फट उगवे. दमलेल्या डोळ्यांना ते दिसण्यासारखं नव्हतं.

"चालेल," साहेब म्हणाले.

"थांबा," वन्सं म्हणाल्या.

त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकून खोलीत कुणीतरी हसलं. साहेबांनीही हसूनच बटण दाबलं. "काय झालं, ताई?"

वन्संनी भिंतीवरच्या हाताकडे पाहिलं. मग मान वळवून भावजयीकडे पाहिलं, फार नाही, एका फ्रेमपुरतं.

"काही नाही. मला वाटलं काहीतरी. जाऊ द्या पुढे."

*

चहाच्या यंत्रापाशी त्या दोघीच होत्या. यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून तिथे कुणी येत नसे.

"माझ्या कामावरून हात फिरवलास."

"वन्सं, साहेब आलेख मागत होते. त्यात तुमचं—"

"मला ठाऊक आहे त्यात माझं काय असणार. मी कितीतरी दिवस याचीच वाट बघत होते." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकून खाली बसल्यासारखा झाला होता. "एकदा कुणीतरी म्हणेल, ही कड नाचते, आणि सुटले. रोज सकाळी वाटायचं, आज."

"मला वाटलं, कुणाला कळायच्या आत नीट होईल."

"नीट झालं?"

तिनं यंत्राखालचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"ती गॅलरीतली बाई, तिची नीट केलीस. ती घाण माझी होती. पण त्या म्हातारीचा हात थरथरत होता, अगं. पंधरा दिवस मी त्या हातामागून फिरत होते. तो जिथे जाईल तिथे. माझा हात एकीकडे उडायचा, तिचा दुसरीकडे, आणि तरी मी तो धरला होता. मोठं करून करून, उजेड जाईपर्यंत. तिथे जी थरथर होती त्यातली माझी थोडी होती. बाकीची तिची होती. तू माझ्याबरोबर तिचीही पुसलीस."

"स्क्रिप्टला कुठे कळतं, वन्सं, कोणती कोणाची?"

"स्क्रिप्टला नाही कळत." वन्संनी बिघडलेल्या यंत्राचं झाकण उगाचच लावलं. ते पहिल्यांदा लागलं नाही. "परत होतं तसं कर सगळं. आणि ते आलेख नेऊन दे त्यांना. माझ्या खुणेसकट."

"करार—"

"माझा करार आहे. मी बघते."

मूळ कडा तिनं जपून ठेवलेल्या होत्या, नेहमीची सवय. त्या परत आणायला एक बटण लागलं. कालचे आलेख घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा दारापर्यंतच्या चालण्यात तिनं किती वेळा विचार बदलला ते तिलाच ठाऊक. साहेबांनी रेघा पाहिल्या. कुसळांच्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणाचं?"

"माझं," मागून वन्सं म्हणाल्या. त्या कधी आल्या होत्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. "आणि मघाशी दाखवलं ते हिनं गुळगुळीत केलेलं होतं. ते काढायला लावलं मी. शेवटच्या शॉटमध्ये हात तुटतोय त्यानं. ती स्क्रिप्ट सरसकट फिरवू नका कुणावर."

साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. चष्म्यावाचून ते एकदम कुणाच्यातरी घरातले वाटू लागले.

"ताई, आधी सांगायचंत."

"आधी मला तरी कुठे सांगता येत होतं."

"किती दिवस आहे हे?"

"हिला विचारा. हिनं ओळीनं वाचलंय."

पण त्यांनी तिला विचारलं नाही. त्यांनी आलेखाचा कागद उलटा ठेवला, आणि ते कामाचं बोलू लागले, कारण तेवढंच त्यांना येत होतं. "म्हातारीचा शॉट आज संध्याकाळी जायचाय. त्याच्या शेवटच्या फ्रेम राहिल्यात. कुणाकडून तरी तेवढ्या पुऱ्या करून घ्या. बाकीचं महिनाअखेर बघू."

मजल्यावर 'बघू' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

*

वन्सं आपल्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी म्हातारीचा हात उघडला. संगणकाचं पेन उचललं. बिंदूपर्यंत नेलं. बिंदू उडाला. पुन्हा नेलं. ती मागे उभी राहून पाहत होती, आणि आपण पाहतो आहोत याची तिला लाज वाटत होती.

"मी ठेवू?" ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी ठेवते."

"तुझ्या हाताला घाई आहे."

"सांगाल तेवढंच हलवेन."

वन्संनी पेन खाली ठेवलं. मग उठून त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. तिनं पेन घेतलं.

"आधी चित्र लहान कर. सगळी म्हातारी दिसू दे. हां. आता बघ, हात वर जातोय. तो किल्लीमुळे नाही जात, खांद्यामुळे जातोय. तिथला बिंदू उचल. थोडा अजून. थांब. पुढची फ्रेम."

ती पुढच्या फ्रेमवर गेली.

"इथे खाली आलाय. कळलं? कुलूप सापडलं असं वाटलंय तिला. खाली घे. इतका नको. खात्री नाहीये तिची."

"एवढं कसं कळतं तुम्हाला?"

"बोटं बघ ना तिची. तू आकडे काय बघतेस कोपऱ्यात? आकडे आपोआप येतील. बोटं बघ."

तिनं बोटं पाहिली. इतकी वर्षं ती या बोटांना दोन आकड्यांत मागून घेत आली होती. फ्रेमवर किती, पुढच्या फ्रेमवर किती. आता तिला दिसलं की दोन फ्रेमच्या मध्ये म्हातारी दर वेळी एक निर्णय घेत होती, आणि दर वेळी तिचा हात तो निर्णय मोडत होता, आणि ती पुन्हा घेत होती. ज्याला तिनं दुपारी खडखड म्हटलं होतं त्यातल्या प्रत्येक टोकाला काहीतरी हवं होतं.

"पुढची."

"वन्सं, किल्ली लागते का शेवटी?"

"पुढच्या शॉटमध्ये असेल. आपल्याकडे एवढंच आलंय." त्या किंचित हसल्या. "आपल्याकडे कधी कुणाचं दार उघडत नाही. नुसते हात येतात. ठेव बिंदू, बडबडू नको."

त्या बोलत राहिल्या, ती ठेवत राहिली. मजल्यावरची माणसं एकेक करून सामान आवरू लागली. कुणी जाताना 'येतो ताई' म्हणालं, कुणी काहीच म्हणालं नाही आणि वळून वळून पाहिलं. आलेखाची बातमी पसरली असावी. वन्सं कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांचा आवाज हळूहळू सैल होत गेला, कापडावर नक्षी काढायच्या दिवसांतला असावा तसा; बारीक, नेमका, स्वतःशी गुणगुणल्यासारखा. थोडं वर. अजून. थांब. एकदा तर घाईत त्यांनी तिच्या मनगटावर आपली बोटं टेकवली, दिशा दाखवायला, आणि ती थरथर तिच्या हाडापर्यंत आली. वन्संनी बोटं काढून घेतली.

शेवटची फ्रेम झाली. तिनं चित्र पहिल्यापासून लावलं. जिन्यातल्या अर्ध्या उजेडात म्हातारीचा हात आला, कुलपाभोवती भिरभिरला, आणि कड त्याच्यासोबत होती. कुठे बोट तुटत नव्हतं, कुठे जुनं दार डोकावत नव्हतं. कड दिसतच नव्हती.

"झालं," वन्सं म्हणाल्या.

तिनं पेन खाली ठेवलं. दिवसभराचं जे जे तिच्यात साचलं होतं ते आता, काम संपल्यावर, ओठांशी आलं.

"वन्सं, उद्या डॉक्टरकडे जाऊ या. मी येते बरोबर. आणि ह्यांना... ह्यांना मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

पडद्यावर हात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. वन्संनी तो एकदा शेवटपर्यंत पाहिला. मग त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीवरची पिशवी कोपरात अडकवली आणि रिकाम्या झालेल्या खुर्च्यांच्या मधून चालू लागल्या. दाराच्या मुठीला त्यांनी हात घातला नाही. खांद्यानं दार ढकललं, आणि त्या बाहेर गेल्या.